पाव्हना येल शे

डी. एन. सर पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, भाव विचारला नाही, बाकावर बसलेही नाहीत. खिशातून काडेपेटी काढली, उघडली आणि सरळ माझ्या नाकाखाली धरली.

"वास घ्या. काय येतं?"

समोरचा माणूस पांढऱ्या शर्टातला, खिशाला दोन पेनं, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मास्तर दिसतोय म्हणून मी भाबडेपणानं वास घेतला. तौबा! डोळ्यांतून पाणी आलं.

"सर, सडका मासा येतो."

"शाब्बास!" मी बोर्डात पहिला आलो असतो तरी माझा बाप इतका खूश झाला नसता. "आणि मागून जरा कस्तुरीसारखं काही?"

"मागून काही नाही सर. पुढूनच पुरे झालं."

"ही विष्ठा आहे," सर काडेपेटी हळूच मिटत म्हणाले, "पाणमांजराची. जुनी आहे, पण खात्रीची."

सकाळी साडेआठची वेळ, माझी बोहनी व्हायची होती. दुसरा कुणी असता तर मी त्याला पायरीवरूनच खाली उतरवला असता. पण रागावायचं कसं तेच सुचेना. लोक दुकानात उधारी मागायला येतात, वर्गणी मागायला येतात. हगणदारीचा नमुना दाखवायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

माझं दुकान सारंगखेड्याला, तापीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. जाळी, दोर, गळ, शिसाच्या गोळ्या, तंगूस म्हणजे नायलॉनचा धागा. आजोबांनी सुरू केलं, अब्बांनी वाढवलं, मी सांभाळतो. भोईवाड्यातला प्रत्येक माणूस मला इसाकभाई म्हणतो, आणि कुणाचं जाळं किती फाटलंय हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. सर माझ्याकडे आले ते त्यासाठीच. पाणमांजर म्हणजे नदीत राहणारं, कुत्र्याएवढं, तुकतुकीत अंगाचं, मासे खाणारं जनावर. ते जाळ्यातला मासा खातं आणि जाता जाता जाळं फाडतं. म्हणून कोळ्याभोयांना ते नको असतं आणि सरांना ते हवं असतं.

सरांचं पूर्ण नाव दगडू नथ्थू पाटील. शहाद्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. तरुणपणी पीएच.डी.ला नाव घातलं, विषय घेतला तापीतली पाणमांजरं आणि ती कमी का होतायत. पुढे गाईड रिटायर झाले, मग वारले. नंतर सर स्वतः रिटायर झाले. विषय तेवढा राहिला.

आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या एसटीनं उतरायचे. बूट काढून नाड्यांनी गळ्यात अडकवायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि काठाकाठानं निघायचे. दगड दिसला की वाकून हुंगायचे. आमच्या घरात त्यांचं नावच पडलं. बायको जेवताना विचारायची, "वो गू वाले सर आज आए थे क्या?" मी म्हणायचो, अगं जेवताना तरी नको.

'ऐकीव चालत नाही' हा त्यांचा मंत्र. तुम्ही काहीही सांगा, सर पेन उघडायचे. "तारीख? वेळ? वारं कुठून होतं?" एकदा मशिदीबाहेरून माझ्या चपला गेल्या, तर मी त्यांच्यापाशी रडगाणं गायलो. सर म्हणाले, "आपण स्वतः नेताना पाहिलं?" मी म्हटलं, सर, पाहिलं असतं तर नेल्या असत्या का? "मग चोरी म्हणू नका. 'चपला आढळल्या नाहीत' एवढंच म्हणा." त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला नाही. अनवाणी माणसाला असलं कुणी शिकवतं का?

त्यांची भाषा पुस्तकातली. सर मूळचे आमच्याच भागातले, नदीपासून लांबच्या गावचे, शेतकऱ्याच्या घरातले, अहिराणी त्यांच्या आईची भाषा. पण कामावर असताना शुद्ध, छापील मराठी. म्हणे नोंदीला तीच भाषा हवी. त्यांनी एक प्रपत्र छापून घेतलं होतं, चार पानांचं. त्यातला सातवा प्रश्न मला पाठ आहे. 'गेल्या बारा महिन्यांत आपणांस मृदुकेशी पाणमांजर प्रत्यक्ष दिसले काय?' हा प्रश्न त्यांनी जगन भोईला घाटावर, चार माणसांत विचारला. जगन बराच वेळ विचार करून म्हणाला, "मृदुकेशी? आठे त्या नावनी बाई नही, सर."

भोईवाडा आठवडाभर हसला. सरांनी मात्र प्रपत्रात लिहिलं, 'नाही.'

असे 'नाही' साठत गेले. खरं सांगायचं तर एक गोष्ट कळल्यापासून मला ते बघवत नसे. एका दुपारी सर बाकावर पाय चोळत बसले होते. मी सहज म्हटलं, "लहानपणी आम्ही खूप बघायचो सर. पाच-सहा जणांचं टोळकं. पोहत येऊन खडकावर लोळायची, शिट्ट्या मारायची एकमेकांना."

सर पाय चोळायचे थांबले. मग म्हणाले, "शिट्टी कशी असते हो?"

"का सर? तुम्ही ऐकली नाही?"

"मी पाणमांजर पाहिलेलंच नाही, इसाकभाई. जिवंत तर नाहीच."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण सर चेष्टा करत नाहीत, तेवढी कला त्यांना देवानं दिली नाही. जन्म गेला या माणसाचा त्या जनावरामागे. पावलं पाहिली, विष्ठा हुंगली, एकदा जाळ्यात गुदमरून मेलेलं पाहिलं. पाण्यातून डोकं वर काढून बघणारं पाणमांजर काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. "एकदा बघायचंय," म्हणाले. "अहवाल वगैरे होईल. एकदा बघायचंय."

जाळ्यात मेलेलं म्हणाले तेव्हा मी दोर गुंडाळायला लागलो. तंगूसाची बारीक जाळी मीच विकतो. पूर्वीच्या सुती जाळ्यात जनावर अडकलं तर तोडून जायचं, या जाळ्यातून सुटत नाही. बंधाऱ्याचं तुंबलेलं पाणी आहे, वाळूचा उपसा आहे, पाणी खेचणाऱ्या मोटारी आहेत, सगळा दोष माझा नाही. तरी सर "जाळ्याचं माप काय?" एवढंच विचारायचे आणि जाळं कुणाच्या दुकानातलं हे कधीच विचारायचे नाहीत, याचा मला फार राग यायचा. विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

एकदा माल आणायला शहाद्याला गेलो, तर सर आग्रहानं घरी घेऊन गेले. चहासाठी दूध काढायला फ्रिज उघडला. आत एक दुधाची पिशवी, एक वांगं आणि बाकी सगळ्या काडेपेट्या. प्रत्येकीवर तारीख. मी चहा काळाच मागितला.

घरात दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. तो उचलून माझ्यासाठी खुर्ची पुसताना सर जरा गडबडले. भिंतीवर सरांच्या बायकोचा हार घातलेला फोटो. मुलगा सुरतेला, त्याचा रविवारी फोन येतो. मी विचारलं, "घरी तरी अहिराणी बोलत होतात ना सर?"

"हिच्याशीच बोलायचो. आता कुणाशी बोलू?" मग म्हणाले, "ही होती तेव्हा दिवसाआड पाहुणे यायचे. हिला माणसं लागायची. पाहुणा आला की मी आपला चिडायचो, कामाचा खोळंबा होतो म्हणून. आता वाटतं, कुणाच्या घरी माणूस आलं असेल तर आपण मधे जाऊ नये. बसू द्यावं त्यांना."

हे नुसतं बोलणं नव्हतं. सर तसे वागायचेच. काठावरून फिरून दुपारी दुकानात आले की म्हणायचे, "आज जगनकडे पाहुणे होते. भेट झाली नाही." कधी, "भुराबाईकडे पाहुणे होते. परत फिरलो." मी गमतीनं म्हणायचो, "सर, आमच्या घरी वर्षातून दोनदा पाहुणे येतात, भोईवाड्याची चैन आहे." माझ्या डोक्यात काही आलं नाही. बाकावर बसून गावची अक्कल शिकवणारा मी, पण इथे माझंही डोकं चाललं नाही.

ते चाललं जगनमुळे. मागच्या उन्हाळ्यात जगन जाळं घ्यायला आला. सर बाकावर होतेच. मी विचारलं, जुनं कसं फाटलं? जगन म्हणाला, "काय सांगू भो, मागे पाव्हनानी फाडं व्हतं, तव्हयपाईन शिवी शिवी वापरी ऱ्हायनू."

सर म्हणाले, "पाहुण्यांनी जाळं फाडलं? असले कसले पाहुणे?"

जगन माझ्याकडे बघायला लागला, मी जगनकडे.

"सर," जगन जरा दबकतच म्हणाला, "पाव्हना म्हंजे चार पायना. तुमले माहीत शे ना. तुम्हीनच तर त्यानासाठे बिस्किट दी जातस!"

मग सगळं बाहेर आलं. भोईवाड्यात नदीकाठी त्या जनावराचं नाव घेत नाहीत. "नाव लिधं की तो जायामा घुसस," जगन म्हणाला, म्हणजे नाव घेतलं की तो जाळ्यात शिरलाच. माझ्या दुकानात ते 'जाळं फाटलं' एवढंच सांगतात, म्हणून मलाही ठाऊक नव्हतं. काठावर मात्र तो पाव्हना. आणि सर काठावरच विचारायला जायचे. सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन छापील प्रश्न विचारला की भोई घाबरून "नही" म्हणायचे. मग प्रपत्र बंद झालं की बाजूला येऊन, आवाज खाली करून, खरी बातमी सांगायचे, "सर, पाव्हना येल शे."

आणि सर म्हणायचे, "अरे वा! मग मी पुन्हा येतो." पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढायचे. "पाहुण्यांना द्या."

जगननं आठवून आठवून सांगितलं आणि मी गल्ल्यावर डोकं ठेवून हसलो. सर विचारायचे, "कुठून आले पाहुणे?" जगन सांगायचा, "खालथून, प्रकाशाकडथून." "किती दिवस मुक्काम?" "त्याना मनना राजा, सर." "जेवणाखाण्याचं नीट बघा हं." "मासा शिवाय दुसरं काही खातच नही." "छान, छान. एकटेच आलेत?" "औंदा एकलाच शे." त्यावर सर हळहळायचे, "एकट्या माणसाला करमत नाही. त्यांच्यापाशी बसत जा जरा." भोईवाड्याला वाटायचं, काय देवमाणूस आहे! जनावराचीही इतकी काळजी. बिस्किटं पोरं खायची.

हसता हसता मी वर बघितलं. सर हसत नव्हते. त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या होत्या आणि पानं उलटत होते. बोट एकेका ओळीवर थांबत होतं. 'पाहुणे असल्याने भेट नाही.' 'पाहुणे. परत फिरलो.' 'पाहुणे आलेले, घाईत दिसले, थांबलो नाही.' माझं हसू तिथंच मेलं.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी भोईवाडा पुन्हा पालथा घातला. प्रत्येक 'पाहुण्या'ची खातरजमा करायची होती, कारण काही पाहुणे खरेच पाहुणे असणार. आता हे छापील मराठीत विचारणार कसं? 'सदर पाहुणे द्विपाद होते की चतुष्पाद?' शेवटी त्यांनी तोंड उघडलं आणि आईची भाषा बाहेर पडली. "काय भो जगन, तो आखाजीना सणले येल पाव्हना दोन पायना व्हता का चार पायना?"

बायका खुदूखुदू हसायच्या, पण आठवून सांगायच्या. दोन पायना, मन्हा मामा व्हता. चार पायना, सर, पिलू संगे व्हतं. कुणी चहा ठेवला, कुणी खाट टाकली. सर इतकी वर्षं काठावर यायचे, पण त्यांच्या ओट्यावर बसले ते आत्ता. जगनची बायको मला म्हणाली, "सर बोलतस बी का हो! आम्हले वाटे, वाचतसच."

वह्यांमधून हळूहळू चित्र तयार झालं. आधी टोळकं यायचं. मग मायलेकरं. मग एकटा. मग एकटाही क्वचित. आणि सगळ्यात शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या दिवसांतली. 'भुराबाईकडे पाहुणे आलेले. पुडा दिला. परत फिरलो.' त्यानंतर कुणाकडेच पाहुणा नाही.

सर ती वही घेऊन तीन दिवस दुकानात नुसते बसून राहिले. भुराबाईकडे जात नव्हते. मी काय ते समजलो. यात्रेत तर सगळ्या गावात पाहुणेच पाहुणे असतात. भुराबाईकडे कुणी नातलग घोडे बघायला आला असेल, तर सरांचं काही चुकलं नाही. पण तो चार पायांचा असेल, तर नदीतलं शेवटचं पाणमांजर चाळीस पावलांवर होतं आणि सर त्याला बिस्किटाचा पुडा देऊन, पाठ फिरवून, सभ्यपणे निघून गेले होते.

चौथ्या दिवशी मीच म्हटलं, "चला सर. बसा गाडीवर." किती दिवस माणसानं असं बघत बसायचं?

भुराबाईची झोपडी सगळ्यात टोकाला, मागे खडक आणि लगेच पाणी. सत्तरीची बाई, अजून स्वतः जाळं विणते. सगळे तिला भुरीमाय म्हणतात. सर खाटेच्या कडेला बसले, मांडीवर वही, पेनाचं टोपण उघडलेलं.

"भुरीमाय, दोन साल व्हयनात. यात्रामा मी उनू व्हतू. तू म्हने, पाव्हना येल शे."

"हा. याद शे."

"तो..." सर थांबले. पुढचं त्यांना विचारवेना. मी दुसरीकडे बघायला लागलो. मला त्या म्हातारीला खूण करावीशी वाटत होती, आणि काय खूण करायची तेही कळत नव्हतं.

भुरीमायनं सरांच्या तोंडाकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग विणकामात मान घालून म्हणाली, "जवाई व्हता मन्हा."

भुरीमायला मी समज आल्यापासून ओळखतो. तिला ना आंडोर ना आंडेर; मुलगीच नाही तर जावई कुठला? आणि सरांनाही ते ठाऊक होतं, त्यांच्या प्रपत्रातला दुसराच प्रश्न घरातल्या माणसांचा होता. 'एकटी' असं त्यांनीच आपल्या हातानं लिहिलेलं. मला वाटलं, आता म्हणतील, ऐकीव चालत नाही.

सरांनी टोपण पेनाला लावलं आणि पेन खिशाला अडकवलं.

"तब्येत कशी व्हती जवाईनी?"

"बरी व्हती. अंग कसं चमकी ऱ्हायनं व्हतं."

"एकलाच उना व्हता?"

"एकलाच. कोनी ऱ्हायनं नही ना त्यानं."

"कोठे बठना व्हता?"

भुरीमायनं मागच्या खडकाकडे हात केला. "तठे. ऊनमा. मासा खाई ऱ्हायना व्हता, दोन्ही हातमा धरीसन."

सर त्या खडकाकडे बघत राहिले. खडकावर काही नव्हतं. आता विचारायचं नाही असं ठरवलेल्या माणसासारखे ते उठले, बूट पायात सरकवले. भुरीमायच सुई थांबवून म्हणाली, "तुम्हीन पुडा दिधा आनि त्या वाटवरथीन गयात ना सर, तव्हय त्यानी मासा खाली ठेवा. मान वर करीसन तुमनाकडेच देखी ऱ्हायना व्हता. तुम्हीन पुलपावत पोहचनात, तरी देखी ऱ्हायना व्हता."

सरांनी "येस माय" म्हणत तिचा निरोप घेतला.

परतताना ते माझ्या मागे बसले होते. रस्त्याला खड्डे, दोन्ही बाजूंना केळी, माझं लक्ष रस्त्यावर. पूल आला तसं त्यांनी मला थांबायला सांगितलं. उतरले नाहीत, बसूनच राहिले. मी गाडी बंद केली.

मग मागून, माझ्याशी आजवर कधीही न बोललेल्या भाषेत सर म्हणाले, "इसाकभाई, मी त्याले देखं नही. पन त्यानी मले देखं."